दाबलेल्या हवेचा ताप



वसंत व्याख्यानमालेत इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह यांच्या गोष्टी ऐकण्याची आपल्याला सवय आहे. मी आज ज्या वस्तूचा इतिहास सांगायला उभा आहे, ती मोटारीच्या तोंडाशी, जाळीच्या मागे बसवलेली ॲल्युमिनियमची एक पेटी आहे. दिसायला ती रेडिएटरच्या धाकट्या भावासारखी. तिच्यात पाणी नसते, हवा असते. तिला इंटरकूलर म्हणतात. जुन्या टर्बो गाड्यांना ही पेटी मागाहून का बसवावी लागली, ती कोणी बसवली, आणि बसवल्यावर काय झाले, एवढाच माझा विषय.

या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार कोणता, असे कुणी विचारील. मी इंजिनिअर नाही. नववीनंतर माझी शाळा सुटली. पुढचे शिक्षण कारखान्यात आणि नगरवाचनालयात झाले. तिथल्या ग्रंथपालांनी पुस्तक परत करण्याची मुदत माझ्यासाठी अनेकदा लांबवली, त्यांचे ऋण मोठे आहे. गेली पंचवीस वर्षे मी कामगार संघटनेचे काम करतो. त्यापूर्वी इंजिनांच्या चाचणीच्या खात्यात हेल्पर होतो. आज जे सांगणार आहे त्याचे पहिले अक्षर मी तिथे गिरवले.

सायकलच्या पंपाने चाकात हवा भरताना पंपाचा खालचा भाग तापतो, हे लहानपणी ज्याने भाड्याची सायकल चालवली आहे त्याला ठाऊक आहे. पुष्कळांची समजूत अशी की, पंप घर्षणाने तापतो. थोडे घर्षण असतेच; पण मुख्य कारण निराळे आहे. हवा दाबली की ती तापते. दाबण्यासाठी आपण जे बळ खर्च करतो ते कुठे तरी गेलेच पाहिजे, आणि ते उष्णतेच्या रूपाने त्या हवेतच जाऊन बसते. दाब हवा असेल तर ताप घ्यावाच लागतो. निसर्गाने यात कुणालाही सवलत दिलेली नाही.

आता इंजिनाकडे वळू. इंजिनाची ताकद पेट्रोलात असते असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. एक किलो पेट्रोल नीट जाळायला सुमारे पंधरा किलो हवा लागते. म्हणजे इंजिनाची खरी भूक हवेची. त्याच आकाराच्या इंजिनात जास्त हवा कोंबता आली तर जास्त इंधन जाळता येते, आणि ताकद वाढते. टर्बोचार्जर हेच करतो. धुराड्यातून फुकट जाणाऱ्या गरम वायूच्या झोताने एक चक्र फिरते. त्याच दांड्यावर बसलेले दुसरे चक्र बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात ढकलते. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअराने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. ती समाधानकारकपणे चालायला आणखी वीस वर्षे लागली. १९२०नंतरच्या दशकाच्या मध्यास दोन जर्मन प्रवासी बोटींच्या डिझेल इंजिनांना ब्यूखीची योजना जोडली, तेव्हा त्यांची शक्ती १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर गेली. इंजिन तेच, सिलिंडर तेवढेच. वाढ मात्र चाळीस टक्क्यांहून अधिक. मालकवर्गाला ही कल्पना का आवडली, हे निराळे सांगायला नको.

पण पंपाचा तो तापलेला भाग विसरू नका. बाहेरची हवा तीस अंशांची आहे, आणि टर्बोने ती वातावरणाच्या पावणेदोन-दोन पट दाबाला नेली, असे धरा. ती एकशेदहा अंशांच्या आसपास तापून बाहेर पडते. तापलेली हवा पसरते, विरळ होते. म्हणजे जी जास्त हवा कोंबण्यासाठी एवढा खटाटोप केला, तिचा काही हिस्सा तापानेच परत काढून घेतला. पेट्रोलच्या इंजिनात याहून मोठे संकट येते. ठिणगीने पेटलेली ज्योत सिलिंडरच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच तिथले तापलेले मिश्रण आपोआप भडकते. बाहेर ठोके ऐकू येतात. मेस्त्री म्हणतात, इंजिन नॉक करते आहे. हे ठोके फार वेळ चालले तर पिस्टन कडेने वितळतो, हेड गॅस्केट उडते. टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये ती पेटी बसवून हवा पंचावन्न अंशांपर्यंत खाली आणली, तर त्याच दाबात सुमारे सहावा हिस्सा जास्त हवा मावते, आणि ठोक्याचे भय मागे हटते. इंटरकूलरचे सारे शास्त्र एवढेच.

मला हे पुस्तकातून कळण्याआधी हाताने कळले. चाचणीच्या खात्यात आमचे एक वयस्कर मेस्त्री होते. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला चालत्या डिझेल इंजिनापाशी उभे केले आणि म्हणाले, “पोरा, या नळीजवळ हात ने, लावू नको. आता ती दुसरी नळी धर.” पहिली नळी टर्बोतून निघून कूलरकडे जाणारी, तिच्याजवळ तळहात टिकेना. दुसरी कूलरमधून निघून इंजिनात जाणारी. ती खुशाल मुठीत धरता आली. “मधल्या पेटीने काय केलं ते कळलं ना? आता पुस्तक वाच,” एवढे बोलून ते पुढच्या इंजिनाकडे गेले.

हे शास्त्र इतके सोपे असताना लोकांनी पहिल्या दिवसापासून ही पेटी का बसवली नाही? इतिहास रंजक होतो तो इथे.

विमानांना ही गरज आधी जाणवली. उंचावर हवा विरळ, म्हणून इंजिन दमते. अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ साली एक लिबर्टी इंजिन ट्रकवर लादून पाइक्स पीक या चौदा हजार फुटांहून उंच शिखरावर नेले. सपाटीवर ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन शिखरावर २३० वर आले होते. टर्बो जोडताच ३५६ वर गेले. पुढे दुसऱ्या महायुद्धात उंच उडण्याची स्पर्धा लागली तेव्हा हवा अधिकाधिक दाबावी लागली, आणि तापाचा प्रश्न टाळता येईना. रोल्स-रॉइसच्या डर्बीच्या कारखान्यात स्टॅन्ले हूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मर्लिन इंजिनाला हवा दाबणारी चक्रे एकामागे एक अशी दोन लावली. ती इंजिनाच्या दांड्यावर चालत, धुराच्या झोतावर नव्हे. पण ताप तोच. दोनदा दाबलेली हवा इतकी तापते की मधे गारवा दिल्याखेरीज तिचा उपयोग नाही. म्हणून त्या इंजिनाला थंड पाण्याचे एक स्वतंत्र मंडल दिले गेले. हे इंजिन मुळात उंच उडणाऱ्या बाँबफेकी विमानासाठी होते. १९४१च्या शरदात जर्मनांचे फॉके-वुल्फ १९० हे विमान पुढे आले आणि ब्रिटिशांची पाचव्या आवृत्तीची स्पिटफायर मागे पडली, तेव्हा त्याच जुन्या सांगाड्यात थोडा बदल करून हे नवे इंजिन बसवले. १९४२च्या जुलैत ती नववी आवृत्ती लढाईवर गेली. नवे विमान घडवायला वेळ नव्हता. जुन्यालाच गारवा देऊन वर चढवले.

अमेरिकेच्या पी-३८ लाइटनिंग विमानाची कथा मला याहून बोधप्रद वाटते. त्याच्या टर्बोची गरम हवा पंखाच्या पुढच्या कडेच्या पोकळीतून फिरवून गार करीत असत. योजना देखणी होती. निराळी पेटी नको, वाऱ्याला अडथळा नको. पण ती आखली होती हजार अश्वशक्तीच्या सुमाराच्या इंजिनासाठी. पुढे इंजिने सुधारत सव्वाचौदाशे अश्वशक्तीपर्यंत गेली; पंखाची कड मात्र तेवढीच राहिली. इंजिनात ताकद होती, पण ती पुरी वापरता येईना, कारण ताप काढणारी जागा अपुरी. शेवटी १९४३ साली ‘जे’ आवृत्तीत पंखातली योजना काढून इंजिनाच्या हनुवटीखाली पेटीसारखे इंटरकूलर बसवले. विमान जरा कुरूप झाले. पण अडलेली शक्ती मोकळी झाली, आणि पंखात रिकाम्या झालेल्या जागेत इंधनाच्या टाक्याही मावल्या. यंत्राची मर्यादा नेहमी त्याच्या बळात नसते. पुष्कळदा ती त्याचा ताप वाहून नेणाऱ्या भागात असते.

विमानवाल्यांना जे १९४३ साली कळले होते, ते मोटारवाल्यांनी पुन्हा पहिल्यापासून शिकावे, ही मोठी गंमत आहे. १९६२ साली अमेरिकेत ओल्डस्मोबिल जेटफायर ही टर्बो गाडी निघाली. तिला इंटरकूलर नव्हता. ठोके टाळण्यासाठी पाणी आणि मिथिल अल्कोहोल यांचे मिश्रण इंजिनात शिंपडण्याची सोय होती; त्याची बाटली मालकाने वेळोवेळी भरायची. मालक भरीत ना. बाटली रिकामी झाली की गाडी स्वतःच दाब कमी करी, आणि ताकदीसाठी पैसे मोजलेला मालक चिडे. दोन वर्षांत ती गाडी बंद झाली, आणि पुढे कित्येक मालकांनी टर्बो काढून टाकून साधा कार्ब्युरेटर बसवून घेतला. गारवा ही वरून घालायची चैन ठेवली की ती पहिल्याच काटकसरीत जाते.

१९७३च्या बीएमडब्ल्यू २००२ टर्बोनेही इंटरकूलर घेतला नाही. तिने दुसरा मार्ग धरला: इंजिनाचा स्वतःचा दाब, म्हणजे कॉम्प्रेशन, ६.९ पर्यंत उतरवले. ठोके टळले, पण टर्बो वेग घेईपर्यंत गाडी सुस्त राही, आणि मग एकदम उसळे. पोर्शेची १९७५ची ९११ टर्बोही अशीच. तीन लिटरचे इंजिन, २६० अश्वशक्ती, कॉम्प्रेशन केवळ ६.५. तीन वर्षांनी, १९७८च्या आवृत्तीत, पोर्शेने मागच्या शेपटाखाली इंटरकूलर बसवला. त्यासाठी शेपटाचा आकारच बदलावा लागला. इंजिन ३.३ लिटरचे झाले, शक्ती ३०० वर गेली, आणि कॉम्प्रेशनही ७ पर्यंत चढवता आले. शक्ती वाढली याचे श्रेय मोठ्या इंजिनालाही आहे, हे मान्य. पण कॉम्प्रेशन उतरवण्याऐवजी चढवता आले, हे गार हवेचे काम.

शोरूममधून बाहेर पडलेल्या जुन्या गाडीला ही पेटी बसवण्याचे उत्तम उदाहरण स्वीडनचे आहे. व्होल्वोची २४० टर्बो १९८१ साली आली. चौकोनी, घरगुती गाडी. लोक तिला थट्टेने उडती वीट म्हणत. अमेरिकेत तिची शक्ती होती १२७ अश्वशक्ती. शर्यतीच्या नियमाप्रमाणे सुधारित गाड्या ठरावीक संख्येने बनवाव्या लागत. व्होल्वोने १९८३ साली इंटरकूलरसह अशा पाचशे गाड्या काढल्या, आणि १९८५ साली टॉमस लिंडस्ट्रॉम व जानफ्रांको ब्रांकातेल्ली यांनी या विटेवर बसून युरोपची टूरिंग गाड्यांची अजिंक्यपदाची शर्यत जिंकली. पण मला शर्यतीपेक्षा महत्त्वाचा वाटतो तो विक्रेत्यांकडे मिळणारा संच. गाडी आधीच घेतलेल्या मालकाने ती विक्रेत्याच्या वर्कशॉपात न्यायची. तिथे रेडिएटरपुढे पेटी, दोन बाजूंनी नळ्या, आणि दाबातही थोडी वाढ. गाडी परत आली की १५७ अश्वशक्ती. त्या गाडीची इंधन देणारी यंत्रणा आत शिरणाऱ्या हवेचा झोत मोजून त्या मानाने पेट्रोल सोडणारी होती. म्हणून घनदाट हवा आली की इंधनही आपोआप वाढे. हे महत्त्वाचे आहे. जिथे इंधनाची यंत्रणा वाढलेली हवा ओळखत नाही, तिथे नुसती पेटी बसवून भागत नाही. मिश्रण बिघडते, आणि गारव्यासाठी केलेला खर्च अंगावर येतो.

त्याच देशातल्या साबने आणखी एक पाऊल टाकले. १९८२च्या सुमारास ९०० टर्बोच्या इंजिनावर त्यांनी एक संवेदक बसवला. तो ठोका ऐकतो. पहिला ठोका पडताच दाब उतरवतो, शांत झाले की पुन्हा चढवतो. दोन वर्षांनी सोळा झडपांच्या इंजिनाबरोबर इंटरकूलरही आला, आणि १७५ अश्वशक्ती मिळाली. ताप काढून नेणारी पेटी आणि ठोका ऐकणारा कान, दोन्ही एका गाडीत आले.

आपल्याकडेही हे घडले आहे, आणि तेही पुष्कळांच्या डोळ्यांदेखत. वाराणसीच्या कारखान्यातून १९६४ पासून निघालेली डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिने २६०० अश्वशक्तीची होती. पुण्याच्या घोरपडी शेडमधली ही इंजिने ओढीत असलेल्या गाड्यांतून आपल्यापैकी कितीतरी जण गेले असतील. त्यांच्यात टर्बो होता, आणि हवा गार करणारी पेटीही होती. रेल्वेत तिला आफ्टरकूलर म्हणतात. पुढे पतियाळाच्या कारखान्यात जुनी इंजिने उलगडून पुन्हा बांधताना त्यांची शक्ती ३१०० पर्यंत नेली. त्यासाठी अधिक कार्यक्षम टर्बो घातला, पण त्याबरोबर मोठा आफ्टरकूलरही घातला. दाब वाढवताना गारव्याची पेटी वाढवली पाहिजे, हे तोवर सर्वमान्य झाले होते. या शतकाच्या आरंभापासून धुराच्या मर्यादा कडक झाल्या, आणि आपल्या मालमोटारींवर टर्बोबरोबर इंटरकूलर सर्रास दिसू लागला. गार हवेत जळताना विषारी नायट्रोजन ऑक्साइड कमी बनतात, हेही त्याचे एक कारण.

येथवर ऐकून आपण म्हणाल, चला, शहाणपण उशिरा का होईना आले. मीही तसेच समजत होतो. माझी समजूत बदलली ती त्या चाचणीच्या खात्यातच.

एका वर्षी, मे महिन्यात, आमच्या खात्यात शिफ्टला तपासायच्या इंजिनांचा आकडा वाढवला. खोली बंद, इंजिने तापलेली, गरम हवा बाहेर फेकणारे दोन पंखे कित्येक महिने बंद पडलेले. तिसऱ्या आठवड्यात एक पोरगा उभ्या उभ्या कोसळला. साहेब आले. आकडा वाढला तरी पगारात काही कमी केले आहे का, तक्रार कसली, असे त्यांनी विचारले. आमचे मेस्त्री टोपी हातात घेऊन म्हणाले, “साहेब, दाब वाढवलात. कूलर कुठाय?” साहेब इंजिनिअर होते, त्यांना उत्तर सुचले नाही. अर्ज झाले, बैठका झाल्या, एक दिवस काम थांबले. तीन महिन्यांनी पंखे सुरू झाले आणि मधल्या दहा मिनिटांची सुटी मिळाली. आम्ही पेढे वाटले.

दिवाळीनंतर आकडा पुन्हा वाढला. कारण दाखवले ते असे की, आता पंखे आहेत, सुटी आहे, माणसे दमत नाहीत.

मला ते वाक्य अजून आठवते, आणि इंटरकूलरचा इतिहास मी त्या वाक्यापासून पुन्हा वाचायला घेतला. पोर्शेने पेटी बसवली ती इंजिनाला सुख लाभावे म्हणून नव्हे. आणखी चाळीस अश्वशक्तीसाठी. जुन्या गाडीला पेटी लावणारे हौशी लोक गॅरेजात पाहा. पेटी बसली, हवा गार झाली, ठोके थांबले. आता गाडी आणखी दहा वर्षे सुखाने चालेल. पण दुसऱ्याच दिवशी मालक म्हणतो, थोडा दाब वाढवून बघ. डिझेल असेल तर पंपाचा स्क्रू फिरवतो. मग क्लच जळतो, गिअरबॉक्स बोलू लागतो, गॅस्केट जाते. गारव्याने जी शिल्लक मिळवून दिली, ती सारी वेगात उडवली. जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट: नोंदणीतल्या मूळ तपशिलाविरुद्ध गाडीत बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने बंधन घातले आहे, तेव्हा हौसेपूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी हे बरे.

शहाणा मेस्त्री निराळे करतो. तो पेटी बसवतो आणि दाब होता तेवढाच ठेवतो. गाडी किंचित जोरदार होते, पण मुख्यतः ती थंड राहते, मे महिन्यात घाट चढताना ठोकत नाही, आणि तिचे आयुष्य वाढते. पेटी तीच. शिल्लक कशासाठी वापरायची हे पेटी ठरवीत नाही. ते ठरवतो स्क्रू हातात असलेला माणूस.

म्हणून माझे आजचे सांगणे थोडे आहे. प्रगतीचा इतिहास लिहिणारे दाब किती वाढला ते लिहितात. अश्वशक्तीचे आकडे सहज सापडतात, मीही आज तेच आपल्याला ऐकवले. त्यांच्या शेजारी आणखी दोन प्रश्न लिहावेत. वाढलेल्या दाबाचा ताप कुणी काढला, आणि गारव्याने झालेली बचत कुणाच्या पदरात पडली? पहिल्या प्रश्नाचे उत्तर इंजिनिअरांनी चाळीस-पन्नास वर्षांत शोधले. त्यांना माझा नमस्कार. दुसऱ्याचे उत्तर कोणत्याही कारखान्याच्या नकाशात नसते. ते दर करारात, दर शिफ्टला, नव्याने मागावे लागते. आम्ही पंखे मागितले आणि मिळवले. पंख्यांनी जे वाचले त्यात वाटा मागायला विसरलो. ती चूक आमची होती, आणि पुढच्या प्रत्येक करारात मी ती आठवणीने टाळत आलो आहे.

ते मेस्त्री आता हयात नाहीत. पण एखाद्या ठिकाणी आकडा वाढल्याचे अभिमानाने सांगितले जाते, तेव्हा मी त्यांनी शिकवलेलेच करतो: पहिल्या नळीजवळ हात नेतो, मग दुसरी धरून बघतो. आपणही तसे करून पाहावे, एवढी विनंती.